लेख कोणाच्या नावानं?

मे महिन्यात नागपुरात दोन गोष्टी नेमाने येतात : नवतपा आणि दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन. नवतपा पंचवीस तारखेच्या आसपास लागतो आणि नऊ दिवसांनी निघून जातो. संपादक लेख घेतल्याशिवाय जात नाहीत.

"यंदाही एक छानसं गावाकडचं होऊन जाऊ द्या," ते म्हणाले. "माती, पहिला पाऊस, आजी. पंधराशे शब्द. वाचकांना तुमची आजी फार आवडते हो."

बाहेर ४६ अंश होते. २०१३ च्या मे महिन्यात इथला पारा ४७.९ वर गेला होता. तेव्हापासून दर उन्हाळ्यात तो विक्रम मोडतो का, हे आम्ही पानठेल्यावर उभं राहून पाहतो आणि नाही मोडला तर थोडे हिरमुसतो. अशा दिवसांत अंगात बनियन, पाय पाण्याच्या बादलीत, आणि मी लिहीत असतो : 'मृगाच्या पहिल्या सरीनं धरित्री न्हाऊन निघाली.' अंक येतो दिवाळीत, लेख लागतो मे-जूनमध्ये. मराठीतला बराचसा पाऊस भर उन्हाळ्यात लिहिला गेला आहे, हे वाचकांनी एकदा समजून घ्यावं.

आता कबुलीच द्यायला बसलो आहे तर आणखी एक सांगून टाकतो. गेली बावीस वर्षं मी वाचकांना जो ओल्या मातीचा सुगंध पुरवत आलो, तो आमच्या कुलरचा आहे. मार्चमध्ये कुलर माळ्यावरून खाली येतो. गवताच्या ताट्यांवर वर्षभराची धूळ बसलेली असते. पंप सुरू होतो, पहिलं पाणी झिरपतं आणि घरभर जो वास सुटतो, त्यावर माझे निदान नऊ लेख उभे आहेत. पावसाच्या या वासाला 'पेट्रिकोर' हे नाव १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी दिलं म्हणे. मार्चमध्ये ते नागपूरला आले असते तर एका कुलरवर काम भागलं असतं.

"बाबा, ताटी बदलून टाकू का? वास मारून राहिली," मुलगा दर वर्षी विचारतो.

"हात लावू नको. धंद्याचा प्रश्न आहे."

धंद्याचं भांडवल म्हणाल तर थोडकं आहे. एक आजी, एक कडुलिंब, एक विहीर आणि ढवळ्या नावाचा एक बैल. एवढ्यावर मी बावीस दिवाळ्या काढल्या. आजी माझ्या लेखांत पहाटे उठून जात्यावर बसते. बायकोने एकदा हिशेब मांडला, की आजींनी आतापर्यंत अख्ख्या काटोल तालुक्याला पुरेल एवढं पीठ दळलं असेल, यंदा तरी त्यांना झोपू द्या. खरं म्हणजे मला कळायला लागलं तेव्हा गावात गिरणी आली होती. आजी पहाटे उठायची ती मला डबा घेऊन गिरणीवर पिटाळायला. जात्याची वरची तळी पाण्याच्या टाकीच्या झाकणावर वजन म्हणून ठेवलेली होती.

निसर्गाच्या बाबतीतही आमची हीच तयारी. मारुती चितमपल्ली वनखात्याची नोकरी करता करता पाखरांची आणि झाडांची नावं गोळा करत हिंडले, 'पक्षिकोश' लिहून गेले, २००६ च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. बरीच वर्षं ते आमच्याच शहरात राहत होते. एका गावचं पाणी पिण्याचा माझ्यावर परिणाम एवढाच झाला, की चिमणी आणि कावळा सोडून तिसरं काही दिसलं तर मी 'कुठलंसं अनाम पाखरू' असं लिहितो. माझ्या लेखांतून अनाम पाखरांचे थवेच्या थवे उडत असतात. झाडांचंही तेच. त्यांना माझ्याकडे 'गर्द' एवढं एकच आडनाव आहे.

यंदा मात्र लाज वाटली. म्हटलं, गावालाच जाऊन यावं, दोन दिवस राहावं, ताजा माल आणावा. गावात चुलतभाऊ शेती करतो. त्याला फोन लावला.

"दादा, शनिवारी येतो म्हणतो."

"कोन गेलं?" दादाने आवाज खाली आणला.

"कोणी नाही गेलं. असाच येतो."

"असाच?" पलीकडे बराच वेळ शांतता. मग फोनवर हात ठेवून तो वहिनीला सांगत असल्याचं स्पष्ट ऐकू आलं : "लहान्या येऊन राहिला. असाच म्हनते."

हा 'असाच' किती महागात पडणार होता, याची तेव्हा मला कल्पना नव्हती. गावात माणूस लग्नाला येतो, तेरवीला येतो, नाहीतर हिश्श्याला येतो. असा कोणी येत नाही.

काटोल रोडला एसटी लागली तशी मी वही काढली. खिडकीतून दुतर्फा संत्र्याची झाडं दिसू लागली. मी लिहिलं : 'संत्र्याचे बगीचे बहरले होते, वाऱ्यावर मंद दरवळ येत होता.' शेजारी डोक्याला दुपट्टा बांधलेले एक काका माझ्या वहीत माझ्याइतक्याच तन्मयतेनं वाचत होते.

"मे महिन्यात बहार कुठून आणला जी तुमी?"

"म्हणजे?"

"आंबिया फुलते जानेवारी-फेब्रुवारीत. आता फळ लिंबाएवढं झालं. अन् मिरग धरनाऱ्यायनं झाडं तानावर सोडली हायेत, पानी तोडलं. थे पाहा, पानं कशी कोमेजली. पाऊस पडल्यावर फुलतीन." त्यांनी मला अनुकंपेनं न्याहाळलं. "तुमी बँकेतले काय?"

मी 'बहरले' खोडून 'गर्द' लिहिलं.

गावात उतरलो तर आठवणीतलं मातीचं घर जागेवर नव्हतं. तिथे स्लॅबचं घर होतं, दारात टाइल्स आणि खिडकीत माझ्या कुलरहून मोठा कुलर. हे घर बांधून बारा वर्षं झाली होती, वास्तुपूजेला मी जेवूनही गेलो होतो. पण लेखांत मी इतक्या वेळा जुन्या सपरीवर बसलो होतो, की नवं घर पाहून मला दर खेपेला नव्यानं धक्का बसतो. एलकुंचवारांनी १९८५ मध्येच 'वाडा चिरेबंदी'च्या अंगणात बिघडलेला ट्रॅक्टर आणून उभा केला. आमच्या लेखात अजून छकडा.

जेवायला बसलो. ताटात पनीर.

"वहिनी, झुनका-भाकर करायची ना. चुलीवरची."

वहिनींचा चेहरा पडला. "काय बोलता भाऊजी! नागपूरचा पाहुना अन् झुनका? लोकं काय म्हनतीन, दिराले बेसन वाढलं. अन् चुलीवर आंगोयीचं पानी तापते."

संध्याकाळी पनीर. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला पोहे होते, म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला, तर दुपारी पुन्हा पनीर, त्यात काजू. नागपुरात मी 'चुलीवरचा गावरान झुनका' अशी पाटी पाहून रांगेत उभा राहतो आणि चारशे रुपये मोजून येतो. गावात तो कोणी मला फुकटही वाढेना. पनीरच्या वाढत्या प्रमाणावरून मला संशय यायला हवा होता. एवढी सरबराई माणूस भावाची करत नाही, वादीची करतो.

पण मी आठवणींत बुडालेला. उन्हं कलल्यावर दादाबरोबर वावरात गेलो. धुऱ्यावर उभा राहिलो, डोळे बारीक केले आणि क्षितिजापर्यंत नजर फिरवली. हे मी भावुक झालो की करतो. दादा माझ्या नजरेच्या मागोमाग त्याची नजर नेत होता.

"दादा, हे कुठपर्यंत आपलं?"

"काऊन?"

"सहज."

पुन्हा 'सहज'. दादाने खिशातली सुपारी काढून तोंडात टाकली. मी मात्र आंब्याच्या झाडापाशी गेलो. लहानपणी तिथून विहिरीपर्यंत शंभर पावलं भरायची. आज किती भरतात बघू, म्हणून मी मोठ्यानं मोजत निघालो. सदुसष्ट भरली. पाय वाढले की जमीन आटली, या विचारानं मला गहिवरून आलं. वही काढून आकडा टिपून घेतला.

धुऱ्यापलीकडच्या वावरात एक म्हातारेबुवा कचरा वेचत होते. ते ताठ उभे राहून पाहत होते. दिवस मावळायच्या आत गावभर झालं की लहान्या मोजणी करून राहिला, आकडे लिहून राहिला, सदुसष्टवर अडून हाय.

तेवढ्यात कुठूनसं एक अनाम पाखरू ओरडलं. "ऐकलंस दादा? पावशा! पेरते व्हा, पेरते व्हा म्हणतोय!" निदान हे एक मला पुस्तकात वाचून माहीत होतं.

"थ्याच्या बापाचं काय जाते," दादा म्हणाला. "बियान्याची थैली केवढ्याले झाली, इचार त्याले."

"आणि इथला कडुलिंब कुठे गेला? ज्याच्या सावलीत आपण..."

"कडुलिंब कवा होता इथं? बाभूय होती. काटा रुतला म्हनून तू इतका बोंबलला, का आबाजीनं दुसऱ्या दिवशी तुले बसमधी बसवून नागपूरले धाडलं."

त्या कडुलिंबावर मला एका वाचनालयाचं उत्तेजनार्थ बक्षीस आहे. मी विषय वाढवला नाही.

रात्री मी जाहीर केलं की झोपेन तर गच्चीवर, चांदण्यांखाली. कोणी अडवलं नाही. माझ्या कोणत्याही बोलण्याला आता कोणीच अडवत नव्हतं. दिवसभर तापलेल्या स्लॅबवर सतरंजी टाकून आडवा झालो आणि पाचव्या मिनिटाला भाकरीसारखा दुसऱ्या अंगावर वळलो. मग पुन्हा वळलो. वर पाहिलं तर चांदण्या नव्हत्या. अंगणातल्या खांबावर नवा पांढरा दिवा होता आणि त्याच्याभोवती जमलेले किडे त्या उजेडात मला ओळखू लागले होते.

तरी मी म्हटलं, शांतता तर आहे. गावाच्या रात्रीची ती गाढ, आदिम... इतक्यात वावराकडून कुत्रं भुंकलं. पाठोपाठ एक माणूस "हाऽऽ हुर्रर्र" करून ओरडला. मग लवंगी फटाक्यांची माळ. पाच मिनिटं शांत. पुन्हा तेच कुत्रं, तोच माणूस, तीच माळ. मी ग्रामीण जीवनातल्या या अखंड जागरणाबद्दल मनात दोन वाक्यं जुळवली. रात्री दोनच्या सुमारास, कुत्र्याच्या जागी, वाघानं डरकाळी फोडली.

कोंढाळीच्या अंगाला बोरचं जंगल आहे आणि तिथे खरे वाघ आहेत, हे मला नको त्या वेळी आठवलं. चप्पल न घालता मी जिना उतरलो. दार बडवलं. "वाघ! दादा, वाघ!" सगळं घर उठलं. शेजारचं उठलं. समोरच्या घरातून बॅटरीचा झोत आला.

"थो सोलरवरचा हाय," दादा शांतपणे म्हणाला.

"कोण?"

"वाघ. डुकरं भुईमूग उकरतेत, म्हनून भोंगा बसवला. कुत्रा, मानूस, फटाका, वाघ, चारही आवाज भरून हायेत त्याच्यात."

"मग डुकरं येत नाहीत?"

"पयले आठ दिवस नाही आली. आता वाघ वरडला का समजतेत, रस्ता मोकया हाय. भेले फक्त तुमीच." त्या रात्रीत दादा मला पहिल्यांदा 'तुमी' म्हणाला. तेव्हा तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पण तो फोनकडे वळला होता. रात्रीचीच थ्री फेज होती त्या आठवड्यात. त्याने खाटेवर बसल्या बसल्या एक नंबर लावला, कोणीतरी बाई फोनवर काही बोलली आणि अर्ध्या कोसावर विहिरीतली मोटर सुरू झाली. मोटेच्या गाण्यावर मी केवढं लिहिलं आहे! दादाने मोटर लावली, कूस बदलली आणि घोरू लागला. ते तेवढं आदिम होतं.

सकाळी चहा घ्यायला सपरीत, म्हणजे टाइल्सवाल्या वऱ्हांड्यात, आलो तर तिथे पाच माणसं बसलेली. दादा मध्ये. एक माजी सरपंच, दोन भावकीतले, कालचे कचरा वेचणारे म्हातारेबुवा आणि चष्मा लावलेला एक गृहस्थ, ज्याच्या खिशाला तीन पेनं होती. समोर प्लास्टिकची थैली. दादाने ती खाली ओतली. सातबारा, आठ-अ, फेरफार, वारसांची नोंद, आबाजींचा अंगठा असलेला एक पिवळा कागद आणि का कोण जाणे, माझी तिसरीची गुणपत्रिका.

"बोल," दादा म्हणाला.

"काय बोलू?"

"दोन दिवसांपासून पाहून राहिलो. वावर पाह्यलं, पावलं मोजली, वहीत लिहिलं. रातच्याले लोकं जमा करून गोंधय केला. आता पाच मानसाईसमोर सांगून टाक, काहाले आला?"

मी म्हणालो, "अरे, मी लेख लिहायला आलो!"

वऱ्हांड्यात सन्नाटा पसरला. माजी सरपंचांनी पेनवाल्याकडे पाहिलं. पेनवाल्यानं मान हलवली.

"लेख," दादा हळूच म्हणाला. "म्हंजे थेट लिहूनच घ्याचं हाय. कोनाच्या नावानं?"

"माझ्याच नावानं. दुसऱ्या कोणाच्या?"

आतून वहिनींच्या हातातलं भांडं पडलं.

"किती?" पेनवाल्यानं पेनाचं टोपण काढलं.

"पंधराशे."

"पंधराशे काय? चौरस फूट?" म्हातारेबुवा आशेनं म्हणाले. "पंधराशे फूट तं देऊन टाक गा. घरापुरती जागा झाली."

"शब्द! पंधराशे शब्द! दिवाळी अंकात छापतात तो लेख. आजी, विहीर, बैल..." मी पिशवीतून गेल्या वर्षीचा अंक काढून त्यांच्यापुढे ठेवला. संपादकांना दाखवायला नव्हे, पण ओळख पटवायला मी तो कायम जवळ बाळगतो.

पेनवाल्यानं लेख काढून वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं. कागदपत्र वाचतात तसं, स्वल्पविराम न घेता. 'ढवळ्याच्या ओल्या डोळ्यांत मला अवघा शिवार दिसला.' माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात कठीण साहित्यवाचन. पण ओळीगणिक दादाचे खांदे सैल होत गेले. लेख संपला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो माझ्या कोणत्याही वाचकाच्या चेहऱ्यावर मी पाहिलेला नाही.

"म्हंजे तुले काहीच नाही पायजे?"

"आठवणी पाहिजेत फक्त."

"अरे ने ना बाप्पा! लागन तेवढ्या ने!" दादा उठून मला भेटला. "थ्या काय नावावर हायेत कोनाच्या!"

मग काय विचारता. पाचही जण आठवणी सांगायला लागले आणि माझं उरलंसुरलं भांडवल बुडवून मोकळे झाले. विहिरीत मी पोहायला शिकलो नव्हतो. पडलो होतो, आणि बादलीत बसवून काढला होता. ढवळ्या हा बैल आमचा नव्हता, म्हातारेबुवांचा होता, आणि डोळे ओले असण्याचं कारण त्याला डोळ्याचा आजार होता.

"पण मी पोळ्याला बैल सजवायचो ते?" मी केविलवाणा झालो. "शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरं. दोरी धरून मी पुढे अन् तो मुकाट माझ्या मागे. ते तर मला लख्ख आठवतं!"

"थो तान्हा पोया रे लहान्या," दादा म्हणाला. "नागपूरले, पोयाच्या दुसऱ्या दिवशी. लाकडाचा बैल होता तुह्या, चाकाचा. खऱ्या बैलाच्या जवय तू कवा गेला?"

खरं होतं. घरी माळ्यावर, कुलरच्या मागे, तो अजून आहे. एक चाक नाही. डोळे मात्र रंगवलेले आणि, काय सांगू, थोडे ओलेच वाटतात. कुलरचं पाणी झिरपत असेल.

निघताना वहिनींनी पहिल्यांदा झुनका-भाकर वाढली. मी आता पाहुणा उरलो नव्हतो. दादाने भुईमुगाच्या शेंगांचं पोतं एसटीत चढवलं आणि खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, "लेखात वावर चांगलं हाय असं नको लिहू. इम्यावाले वाचतीन. पीक गेलं म्हनून लिही." थोडं थांबून, "अन् मोटर फोनवर चालते थे लिही. फोटो पायजे असन तं धाडतो."

नागपूरला आलो. कुलरसमोर बसलो. मुलगा टाकीत पाणी ओतत होता. संपादकांना फोन करून सांगितलं की यंदा लेख जरा वेगळा होईल : सोलरवरचा वाघ, पनीर, बाभूळ.

ते गप्प झाले. "आणि आजी?"

"आजी... आजी गिरणीवर पाठवते आहे."

"दळू द्या हो. दळताना बऱ्या वाटतात त्या."

मी कागद ओढला. 'पहाटेच्या अंधारात घरघर ऐकू यायची' एवढं लिहिलं. कुलरची घरघर होती, पण घरघर ती घरघर. इतक्यात पुण्याच्या चुलतभावाचा फोन वाजला. सहा वर्षांत पहिलाच.

"कसा आहेस? बरं. ऐकलं की गावाला जाऊन तू परस्पर लेख करून आलास. पाच माणसांसमोर. आम्हाला कळवायची पद्धत असते की नाही?"

"अरे, तसं काही नाही. आणि अजून पूर्णही झालेला नाही. पंधराशे शब्दांचा आहे फक्त."

"शब्दांचं राहू दे," तो म्हणाला. "एकर किती, ते सांग."